आधी तेल, मग पाणी : चेहऱ्याची दोन टप्प्यांतील स्वच्छता

नरकचतुर्दशीच्या पहाटे आधी अंगाला तेल लागते, मग उटणे. हा क्रम कोणी उलटा करीत नाही. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त दिनचर्येच्या अध्यायातही अभ्यंग आधी, उद्वर्तन नंतर आणि शेवटी स्नान असाच क्रम आहे. आज ‘डबल क्लीन्सिंग’ या नावाने जी पद्धत सांगितली जाते, तिचे तत्त्व याहून फारसे वेगळे नाही. जपानी रंगभूषाकार शू उएमुरा यांनी १९६७ साली मेकअप उतरवण्याचे तेल बाजारात आणले. पुढे २०१० नंतरच्या दशकात कोरियन प्रसाधनांबरोबर ही पद्धत आपल्याकडेही रुजली.

यामागचे कारण साधे आहे. घामातील क्षार पाण्यात विरघळतात. परंतु त्वचेचा तेलकटपणा, सनस्क्रीन, काजळ आणि लिपस्टिक पाण्याला दाद देत नाहीत. ते तेलातच सुटतात. म्हणून पहिला टप्पा तेलाचा. सुटलेला हा थर, उरलेले तेल आणि धूळ धुऊन काढण्यासाठी दुसरा टप्पा सौम्य फेसवॉशचा.

भोकरहून नांदेडला दुचाकीने ये-जा करणाऱ्या तरुणीला याची गरज सहज पटेल. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. स्कार्फखाली घाम, सनस्क्रीन आणि रस्त्याची धूळ यांचे एकच लिंपण होते. घरी आल्यावर साबणाने खसाखसा तोंड धुतले जाते, आणि इथेच चूक होते. मराठवाड्यात अनेक घरी बोअरचे पाणी वापरतात आणि ते बहुधा जड असते. बादलीच्या कडेला साचणारा पांढरा थर ही त्याची खूण. अशा पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा साका तयार होतो आणि तो त्वचेवर राहतो. शिवाय त्वचा किंचित आम्लधर्मी, तर साबण अल्कधर्मी. परिणामी चेहरा कोरडा पडतो.

कृती अशी करावी :

१. हात स्वच्छ धुऊन, कोरड्या चेहऱ्यावर थोडे क्लीन्सिंग ऑइल बोटांनी हलकेच मिनिटभर फिरवावे. कॉन्टॅक्ट लेन्स असल्यास त्या आधी काढाव्यात.

२. ओल्या बोटांनी पुन्हा चोळावे. तेल दुधाळ झाले की धुवावे. घरगुती तेल दुधाळ होत नाही. ते मऊ ओल्या कापडाने टिपून घ्यावे.

३. ओल्या चेहऱ्याला सौम्य फेसवॉश लावावा. कपाळाची केसांलगतची कड, नाकाच्या बाजू आणि हनुवटीखालचा भाग विसरू नये.

४. कोमट पाण्याने धुऊन, टॉवेलने न घासता टिपावे आणि त्वचा ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावावे.

यासाठी नळ सोडून ठेवण्याची गरज नाही. तांब्याने पाणी घेतले तरी भागते. २०१६ साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या भागात हे वेगळे सांगायला नको.

मात्र दोन्ही टप्पे रोज, दोन्ही वेळा करण्याचे कारण नाही. सनस्क्रीन किंवा मेकअप लावलेल्या दिवशी संध्याकाळी एकदा पुरे. काहीच लावले नसेल, तर केवळ दुसरा टप्पा करावा. मुरुमे येणाऱ्यांनी खोबरेल तेल टाळावे, कारण त्याने रंध्रे बुजू शकतात. त्यांना मायसेलर वॉटर अधिक सोयीचे. उटणे किंवा बेसनाने रोज चेहरा घासणेही त्यांनी टाळावे. पुरळ वा जळजळ राहिल्यास त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

एक अपवाद फार महत्त्वाचा. कापूस-सोयाबीनवर फवारणी करून आलेल्या व्यक्तीने तेल लावत बसू नये. अनेक कीटकनाशके तेलात विरघळणारी असतात. कपडे तातडीने बदलून साबण आणि भरपूर पाण्याने अंग धुवावे. चक्कर, मळमळ किंवा अंधुक दिसणे जाणवल्यास थेट रुग्णालय गाठावे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने घेतलेले बळी विसरता येणार नाहीत. येथे पाण्याची काटकसर नको.

एरवी कसोटी एकच. चेहरा धुतल्यावर त्वचा ओढल्यासारखी वाटली, तर तो अधिक स्वच्छ झाला असे नव्हे. गरजेपेक्षा जास्त धुतला गेला, असे समजावे.