गेडचा रंग, गेडचं नाव

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आमच्या होस्टेलवर एक हार्ड डिस्क फिरायची. तिच्यातल्या ‘फँटसी’ नावाच्या फोल्डरमध्ये मला ‘लेजंड ऑफ अर्थसी’ सापडली. दोन भागांची, साधारण तीन तासांची टीव्ही-फिल्म. पाहिली, ठीकठाक वाटली, विसरून गेलो. वर्षभराने ती ज्यावर बेतली होती ते अर्सुला ल ग्विनचं ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ वाचलं. त्यातला गेड मला पहिल्या पानापासून शेवटपर्यंत गोराच दिसला. फिल्ममध्ये गेडचं काम केलेल्या शॉन अ‍ॅशमोरसारखा.

नोकरी लागल्यावर तेच पुस्तक पुन्हा वाचायला घेतलं आणि एका वाक्यापाशी अडकलो. गेड तांबूस तपकिरी आहे, असं तिथे स्पष्ट लिहिलं होतं. पहिल्या वेळीही ते वाक्य माझ्या डोळ्यांखालून गेलंच असणार. आता मी स्वतः सावळा. घरचे कौतुकाने ‘गव्हाळ’ म्हणतात, पण आरशाला कौतुक कळत नाही. म्हणजे एका सावळ्या मुलाने सावळ्या नायकाची गोष्ट वाचली आणि नायकाला मनातल्या मनात गोरा करून टाकलं. हे कसं झालं याचा माग काढायला लागलो, तेव्हा कळलं की या कामात मी एकटा नव्हतो.

हे पुस्तक आलं 1968 साली. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमध्ये पार्नासस प्रेस नावाची छोटी प्रकाशनसंस्था होती. तिच्या प्रकाशकाने ल ग्विनला जरा मोठ्या मुलांसाठी काहीतरी लिहायला सांगितलं. तोवर तिने प्रौढांसाठीच लिहिलं होतं. विचार करताना तिला प्रश्न पडला, की गोष्टींमधले जादूगार नेहमी पांढऱ्या दाढीचे म्हातारेच का असतात? ते कधीतरी पोरगेलेसे असतीलच ना, मग तेव्हा ते शिकले कुठे? त्यातून रोक बेटावरची जादूगारांची शाळा आली. हॉगवर्ट्सच्या जवळजवळ तीस वर्षं आधी.

तेव्हाच्या इंग्रजी फँटसीतलं जग म्हणजे बहुतेकदा मध्ययुगीन युरोपची नक्कल. माणसं गोरी, आणि काळं कोण तर वाईट बाजूचे. ल ग्विनने हे उलटं केलं. अर्थसीच्या द्वीपसमूहातली बहुतेक माणसं तांबूस तपकिरी, पूर्वेकडची त्याहून काळी. गोरे कोण? तर पहिल्याच प्रकरणात गेडच्या गावावर जाळपोळ करत चालून येणारे कार्ग लोक.

पण ती हे ओरडून सांगत नाही. रोकच्या शाळेत गेडला व्हेच नावाचा मित्र भेटतो. तो खूप काळा आहे हे सांगताना लेखिका जाता जाता म्हणते, की गेड आणि इतर बहुतेक लोकांसारखा तो तांबूस तपकिरी नव्हता. बस्स. नायकाचा रंग आपल्याला कळतो तो दुसऱ्याच्या वर्णनातल्या एका तुकड्यात! हे तिने मुद्दाम केलं होतं. अमेरिकेतला गोरा वाचक तोवर गेडच्या आत शिरलेला असणार, त्याच्यासोबत चुकलेला, घाबरलेला असणार. आणि मग त्याच्या लक्षात येणार, की आपण ज्याच्या कातडीत बसलोय ती आपल्या रंगाची नाही.

ही युक्ती कागदावरच जमते. पुस्तकाला चेहरा उशिरा दाखवता येतो, कॅमेऱ्याला नाही. पहिल्याच शॉटमध्ये कोणाला तरी उभं करावं लागतं, आणि तो कोण हे पैसे लावणारे ठरवतात. अर्थात पुस्तकाचे व्यवहार सांभाळणारेही काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. पहिल्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर रूथ रॉबिन्सने काढलेला गेड तांबूस होता. त्यानंतरच्या कित्येक आवृत्त्यांवर मात्र तो गोरा झाला. ल ग्विन प्रत्येक वेळी भांडायची आणि बहुतेकदा हरायची. गडद चेहरा कव्हरवर असला की पुस्तक खपत नाही, हे तिला ऐकवलं जायचं.

मग आलं 2004. अमेरिकेतल्या साय-फाय चॅनलने पहिल्या दोन पुस्तकांची मिळून एक मालिका केली. ल ग्विनने हक्क विकले तेव्हा पटकथा फिलिपा बॉयन्स लिहिणार होती. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या पटकथालेखकांपैकी एक. त्या भरवशावर ल ग्विन तयार झाली. पुढे बॉयन्स गेली, प्रकल्प दुसऱ्यांच्या हातात पडला. करारात ल ग्विनचं पद होतं ‘सल्लागार’. आयटीत काम करणाऱ्यांना हे पद नीट माहीत असेल: मीटिंगचं आमंत्रण येतं, पण निर्णय त्याच्या आदल्या दिवशीच झालेला असतो. तिला तर धड आमंत्रणही नव्हतं. पटकथा हातात आली तेव्हा शूटिंग तोंडावर होतं. गेड गोरा, त्याच्या भोवतीचं जवळजवळ सगळं जग गोरं. ठळक अपवाद एकच, गेडचा गुरू ओगियन झालेला डॅनी ग्लोव्हर. त्यात दिग्दर्शकाने एका मुलाखतीत लेखिकेला काय म्हणायचं होतं तेही परस्पर सांगून टाकलं. मग मात्र तिने जाहीर लेख लिहून या मालिकेशी आपला संबंध नाही हे कळवलं. त्यात तिने असंही लिहिलं, की कातडीचा रंग हा माझ्यासाठी कधीच बिनमहत्त्वाचा तपशील नव्हता.

इथवर वाचून मला वाटलं, प्रकरण कळलं. पण फिल्म पुन्हा लावली तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली, आणि मला तीच जास्त लागली.

अर्थसीत प्रत्येकाला दोन नावं असतात. एक हाक मारायचं, दुसरं खरं. खरं नाव ज्याला कळलं त्याची तुमच्यावर सत्ता चालते, म्हणून ते जिवाभावाच्या माणसालाच सांगतात. आपल्याकडच्या नावरस नावासारखंच थोडंसं. माझं पत्रिकेतलं नाव घरात आईला आणि मला सोडून कोणाला आठवत नाही. गेडला गावातली पोरं ‘स्पॅरोहॉक’ म्हणतात, कारण शिक्र्यासारखे शिकारी पक्षी त्याच्या हाकेला येतात. ‘गेड’ हे त्याचं खरं नाव, ओगियनने तेराव्या वर्षी कानात सांगितलेलं. पुढे घमेंडीपायी तो एक भयंकर सावली मोकळी सोडतो, मरता मरता वाचतो, शाळेत सगळ्यांच्या मागे पडतो. अशा वेळी व्हेच निघताना त्याला स्वतःचं खरं नाव सांगून जातो, एस्टॅरिऑल. न मागता, अगदी सहज. मैत्रीवर मी इतकं कमी शब्दांत इतकं मोठं काही क्वचितच वाचलंय. आणि शेवटी सावलीशी सामना होतो तेव्हा गेड तिला जे नाव देतो ते त्याचं स्वतःचंच असतं.

फिल्ममध्ये ही दोन नावं अदलाबदल केली आहेत. सगळं गाव त्याला ‘गेड’ म्हणतं आणि गुपित नाव आहे ‘स्पॅरोहॉक’. कोणीतरी युजरनेमच्या जागी पासवर्ड टाकला आणि प्रोग्रॅम तरी चालतोय म्हणून तसंच पाठवून दिलं. गोष्ट चालतेही, कारण प्रेक्षकाला फरक कळत नाही. पण ज्या जगाचा सगळा डोलारा नावावर उभा आहे, तिथे नाव आणि रंग या दोन्ही गोष्टी सोयीप्रमाणे बदलता येतात असं कोणाला तरी वाटलं होतं.

ल ग्विनचे वडील आल्फ्रेड क्रोबर मानववंशशास्त्रज्ञ होते. 1911 साली कॅलिफोर्नियात याही जमातीतला उरलेला शेवटचा माणूस जंगलातून गावात आला, त्याच्यासोबत क्रोबरनी काम केलं. त्या माणसाने आपलं नाव कधीच सांगितलं नाही. शेवटी क्रोबरनी त्याला ‘इशी’ म्हणायला सुरुवात केली. इशी म्हणजे त्याच्या भाषेत नुसतं ‘माणूस’. तो 1916 मध्ये वारला, ल ग्विन 1929 ची, म्हणजे भेट नाहीच. पण तिच्या आईने, थिओडोरा क्रोबरने, 1961 मध्ये इशीवर पुस्तक लिहिलं. अर्थसीतली नावं थेट इथून आली असं मी म्हणणार नाही. एवढंच, की ज्या घरात हे पुस्तक लिहिलं गेलं तिथली मुलगी नाव आणि रंग यांना सजावट समजेल हे शक्य नव्हतं.

जपानमध्येही एक प्रयत्न झाला. हायाओ मियाझाकीने 1980च्या दशकाच्या सुरुवातीला अर्थसी मागितली होती. ल ग्विनला तो कोण हे माहीत नव्हतं. अ‍ॅनिमेशन म्हणजे डिस्ने असं समजून ती नाही म्हणाली. खूप नंतर तिने ‘माय नेबर टोटोरो’ पाहिला आणि मत बदललं. पण तोवर हायाओ दुसऱ्या कामात होता, आणि फिल्म केली त्याच्या मुलाने, गोरोने, 2006 मध्ये. त्याची ती पहिलीच. दिसायला सुंदर, पण राजपुत्र अ‍ॅरेन सुरुवातीलाच बापाला भोसकतो, जे पुस्तकात कुठेच नाही. खासगी खेळानंतर गोरोने तिला फिल्म आवडली का विचारलं. ती म्हणाली, हे माझं पुस्तक नाही, ही तुझी फिल्म आहे, आणि चांगली फिल्म आहे. नंतर लिहिताना ती इतकी मवाळ राहिली नाही. मला ते दोन्ही खरं वाटतं. गोरोने निदान स्वतःचं काहीतरी म्हटलं होतं.

2018 च्या जानेवारीत ल ग्विन गेली. त्याच वर्षी, पहिल्या पुस्तकाला पन्नास वर्षं झाली म्हणून, अर्थसीची सगळी पुस्तकं एका जाड ग्रंथात निघाली. चित्रं चार्ल्स व्हेसची. ती काढताना त्याने काही वर्षं तिच्याशी पत्रव्यवहार केला, स्केचेस पाठवली, तिने दुरुस्त्या सांगितल्या. मी गेल्या दिवाळीच्या बोनसमधून तो ग्रंथ घेतला. त्यात गेड तपकिरी आहे, प्रत्येक चित्रात. आईने तो चाळला आणि विचारलं, “हा कोण रे?” मी म्हटलं, “जादूगार.” ती म्हणाली, “आपल्या मामासारखा दिसतोय.”