हुकूम कोणाचा? टाऊन हॉलच्या पिस्तुलापासून मांडीवरच्या कीबोर्डपर्यंत

आजचा विषय तुमच्या बैठकीच्या खोलीतला आहे. हल्ली बऱ्याच घरांत टीव्हीच्या मागे किंवा खालच्या कप्प्यात एक छोटा संगणक असतो. नातवंडांचे फोटो, जुनी नाटकं, बँकेचं काम, वीजबिल, सगळं त्या मोठ्या पडद्यावर. आणि तो चालवायला सोफ्यावर बसलेल्याच्या मांडीवर वीतभर लांबीचा, बिनवायरचा कीबोर्ड. बारा फुटांवरून आपण कळ दाबतो आणि तिकडे अक्षर उमटतं. याचं आता कोणाला नवल वाटत नाही.

मी आयुष्यभर सैन्याच्या सिग्नल्स कोअरमध्ये काढलं. संदेशाच्या बाबतीत आम्हाला तीन प्रश्न विचारायची सवय लावलेली असते. संदेश पोहोचला का? संदेश काय आहे? आणि संदेश कोणाचा आहे? बिनतारी हुकुमाचा सगळा इतिहास या तीन प्रश्नांत मांडता येतो. त्यातल्या पहिल्याचं उत्तर मी सध्या राहतो त्या शहरात, कोलकात्यात, सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी मिळालं. दुसऱ्याचं उत्तर विसाव्या शतकाने दिलं. तिसऱ्याचं उत्तर मात्र अजून प्रत्येक घरात पोहोचलेलं नाही, आणि आज मी बोलायला बसलोय तो त्याचसाठी.

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करू. कॉलेज स्ट्रीटवरच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात १८८५ पासून जगदीशचंद्र बोस भौतिकशास्त्र शिकवत होते. भारतीय प्राध्यापकाला गोऱ्या प्राध्यापकापेक्षा कमी पगार, म्हणून तीन वर्षं त्यांनी पगारच घेतला नाही आणि शिकवणं मात्र सोडलं नाही. संशोधनासाठी धड प्रयोगशाळा नव्हती. पत्र्याचं काम करणाऱ्या एका स्थानिक कारागिराला हाताशी धरून त्यांनी उपकरणं बनवून घेतली. जर्मनीत हाइनरिश हर्ट्झने विद्युतचुंबकीय लहरी सिद्ध केल्या होत्या. बोसांनी त्या लहरींची लांबी पार मिलिमीटरपर्यंत आणली.

१८९५ साली कोलकात्याच्या टाऊन हॉलमध्ये त्यांनी जाहीर प्रयोग केला. खांबांची रांग असलेली ही १८१३ सालची इमारत आजही उभी आहे. अध्यक्षस्थानी बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर होते. व्याख्यानाच्या दालनात लहरी निघाल्या आणि मधली भिंतीबंद जागा ओलांडून पंचाहत्तर फुटांवरच्या तिसऱ्या खोलीतल्या यंत्रापर्यंत गेल्या. वाटेत तीन भिंती होत्या. पलीकडे घंटा वाजली, पिस्तूल उडालं आणि दारूचा छोटासा सुरुंग फुटला. मध्ये तार नव्हती.

हे वर्णन पॅट्रिक गेडिस यांनी १९२० साली लिहिलेल्या बोसांच्या चरित्रात आहे. गेडिस त्या काळात मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते, म्हणजे या गोष्टीला आपल्याकडचाही एक धागा आहे. २०१२ मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संस्थेने बोसांच्या १८९४ ते १८९६ या काळातल्या प्रयोगांचा ऐतिहासिक टप्पा म्हणून गौरव केला.

आपल्याकडे हा विषय निघाला की गाडी लगेच 'रेडिओ बोसांचा की मार्कोनीचा' या वादावर जाते. मी तिकडे जाणार नाही. मला त्या पिस्तुलाबद्दल बोलायचं आहे.

पिस्तूल उडवायला लागणारी ताकद त्या लहरींत होती का? मुळीच नाही. तीन भिंती ओलांडून पोहोचलेली लहर अतिशय क्षीण होती. पण पलीकडच्या यंत्रात एक नाजूक घटक होता. एरवी तो विजेला अडवायचा आणि लहर येऊन थडकली की वाट मोकळी करून द्यायचा. वाट मिळाल्यावर तिथल्याच बॅटरीची वीज वाहायची. घंटा वाजली ती तिथल्या बॅटरीवर, सुरुंग फुटला तो तिथल्या दारूवर. अलीकडून गेली ती फक्त एक खूण.

फौजेतल्या माणसाला हे पटकन समजतं. कमांडर गोळी झाडत नाही, 'फायर' म्हणतो. तोफ, गोळा, तोफची, सगळं पुढे तयार असतं. हुकुमात ताकद नसते, ताकद हुकूम मानणाऱ्यात असते. बिनतारी नियंत्रणाचं हे मर्म त्या दिवशी टाऊन हॉलमध्ये दिसलं. म्हणूनच तुमचा कीबोर्ड दोन पेन्सिल सेलवर महिनोन्महिने चालतो. त्याला संगणक चालवायचा नसतो, नुसतं सांगायचं असतं.

आता दुसरा प्रश्न. बोसांच्या यंत्राला एकच हुकूम कळत होता, 'हो'. घंटा वाजवायची की सुरुंग उडवायचा हे आधी केलेल्या जोडणीवर ठरायचं. १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निकोला टेस्लाने हौदातली एक नाव बिनतारी चालवून दाखवली. ती वळायची, तिचे दिवे लागायचे. एका लहरीतून निरनिराळे हुकूम जाऊ लागले.

पण यंत्राला शेकडो वेगवेगळ्या गोष्टी सांगायच्या, तर प्रत्येकीला क्रमांक हवा. संगणकाच्या बाबतीत ही गोष्टही कोलकात्यातूनच सांगता येते. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी प्रेसिडेन्सी कॉलेजातच भारतीय सांख्यिकी संस्थेचा पाया घातला. पुढे बरानगरला गेलेल्या या संस्थेत १९५५-५६ मध्ये इंग्लंडहून एचईसी-टू-एम नावाचा संगणक येऊन चालू झाला. देशात आलेला तो पहिला डिजिटल संगणक. त्याला काम सांगायचं तर भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा घेऊन यंत्राच्या दारी जावं लागायचं. आज आपण जागेवरून उठत नाही, पण तत्त्व तेच आहे. अक्षर जात नाही, क्रमांक जातो.

तुमच्या कीबोर्डवर इंग्रजी 'के'ची कळ दाबलीत की संगणकाला 'के' मिळत नाही. त्याला मिळतो १४ हा आकडा. यूएसबीच्या जागतिक ठरावात त्या कळीचा तो क्रमांक आहे. चौदाचा अर्थ काय, हे पलीकडचा संगणक ठरवतो. १९८६ साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने भारतीय लिप्यांसाठी इनस्क्रिप्ट ही कळांची मांडणी ठरवली. तिच्यात त्याच कळीवर 'क' आहे, आणि गंमत म्हणजे मराठीतही तिथेच आणि बंगालीतही तिथेच. माझे शेजारी बंगाली आहेत. ते आमच्याकडे आले की पडद्यावरची भाषा बदलतात आणि माझ्याच कीबोर्डवर बंगालीत टाइप करतात. कीबोर्डला त्याचा पत्ताही नसतो. तो चौदा म्हणतो आणि गप्प बसतो. अर्थ लावणं, अक्षर काढणं, फाइल उघडणं, पैसे पाठवणं हे सगळं पलीकडे होतं.

'पैसे पाठवणं' हे मी मुद्दाम म्हटलं. आता तिसरा प्रश्न. हुकूम कोणाचा?

टाऊन हॉलमधल्या यंत्राने हे विचारलं नाही. लहर आली की ते मानायचं. तशी लहर सोडणारा दुसरा कोणी आजूबाजूला नव्हता, म्हणून अडलं नाही. आठच वर्षांत लंडनमध्ये अडलं. ज्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जानेवारी १८९७ मध्ये बोसांनी व्याख्यान दिलं होतं, तिथेच जून १९०३ मध्ये प्राध्यापक फ्लेमिंग मार्कोनीच्या बिनतारी यंत्रणेचं प्रात्यक्षिक दाखवणार होते. दूर कॉर्नवॉलहून संदेश यायचा होता. त्याआधीच यंत्र टकटक करू लागलं. संदेशात मार्कोनीची टिंगल होती. नेव्हिल मास्कलिन नावाच्या जादूगाराने जवळच्याच नाट्यगृहातून तो सोडला होता. एका तारकंपनीने त्याला या कामाला लावलं होतं. आमची यंत्रणा सुरक्षित आहे, असा मार्कोनीचा दावा होता. यंत्राला मार्कोनी आणि मास्कलिन यांच्यातला फरक कळत नाही, हे त्या दुपारी उघड झालं.

घरातल्या रिमोटचीही हीच कथा. १९५५ साली अमेरिकेच्या झेनिथ कंपनीने फ्लॅश-मॅटिक नावाचा बिनतारी रिमोट काढला. तो म्हणजे एक विजेरी. टीव्हीच्या चार कोपऱ्यांत प्रकाश ओळखणारे घटक, एकेकावर झोत टाकला की एकेक काम होई. पण खिडकीतून ऊन आलं की टीव्ही आपोआप चॅनेल बदलायचा! पुढच्याच वर्षी कंपनीने कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनीवर चालणारा रिमोट आणला. मग खुळखुळणारी नाणी आणि साखळ्या टीव्हीला हुकूम देऊ लागल्या. लोक हसले. चॅनेल बदललं तर फार तर क्रिकेट चुकतं.

कीबोर्डचं तसं नाही. त्यावरून पासवर्ड जातात.

आपल्या देशात १९३३ च्या कायद्याने बिनतारी उपकरण जवळ बाळगायलाही परवाना लागत असे. रेडिओचा परवाना पोस्टात जाऊन काढलेला तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. जानेवारी २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त झाला. वायफाय, ब्लूटूथ, माऊस, कीबोर्ड, सगळे आज त्याच पट्ट्यात बोलतात. मैदान सगळ्यांना खुलं झालं हे चांगलंच झालं. पण खुल्या मैदानात ओरडून बोललेलं सगळ्यांना ऐकू येतं.

२०१६ साली बॅस्टिल या अमेरिकी कंपनीच्या संशोधकांनी दोन गोष्टी उघड केल्या. एक, आठ उत्पादकांचे काही स्वस्त बिनवायर कीबोर्ड दाबलेल्या कळा कसलंही सांकेतिक रूप न देता, जशाच्या तशा हवेत सोडतात. अडीचशे फुटांवरून त्या टिपता येतात. दोन, काही डोंगल, म्हणजे यूएसबीत खोचायचे ते बोटाच्या पेराएवढे रिसीव्हर, माऊसच्या वाटेने आलेला कीबोर्डचा हुकूमही मान्य करतात. म्हणजे परका माणूस दुरून तुमच्या संगणकावर टाइप करू शकतो.

आकडे शेजारी ठेवून बघा. टाऊन हॉलमध्ये पंचाहत्तर फूट, इथे अडीचशे. आमच्या पाड्यात, म्हणजे कोलकात्यातल्या आमच्या मोहल्ल्यात, अडीचशे फुटांत किती घरं येतात! गिरगावच्या चाळीत किंवा पुण्याच्या पेठेत याहून कमी येत नाहीत.

माझ्या बहुतेक श्रोत्यांनी साठी ओलांडली आहे. पेन्शनचं खातं, मुदतठेवी, हयातीचा दाखला, सगळं आता याच पडद्यावर. म्हणून घाबरू नका, पण पहारेकऱ्यासारखं वागा. रात्री पहाऱ्यावरचा जवान प्रत्येक सावलीवर गोळी झाडत नाही. तो ओरडतो, 'थम! कौन आता है?' आणि परवलीचा शब्द विचारतो.

तुमच्या संगणकालाही तो विचारायला लावा. ब्लूटूथचा कीबोर्ड पहिल्यांदा जोडताना अनेकदा पडद्यावर आकडे येतात आणि ते कीबोर्डवर टाइप करायला सांगितलं जातं. कटकट म्हणून त्याला नावं ठेवू नका, तोच परवलीचा शब्द. डोंगलवाला कीबोर्ड घेताना खोक्यावर 'एईएस एन्क्रिप्शन' लिहिलंय का ते वाचा. नसेल लिहिलेलं, तर त्यावर नाटकं बघा, गाणी लावा, पण बँकेचा पासवर्ड टाइप करू नका. त्यासाठी वायरचा कीबोर्ड काही शे रुपयांत मिळतो. बिघडलेल्या कीबोर्डचा डोंगल यूएसबीत तसाच खोचून ठेवू नका, कारण मालक गेला तरी तो हुकूम ऐकायला तयार असतो. काही कंपन्यांनी या दोषावर सुधारित सॉफ्टवेअर दिलं आहे, ते मुलांकडून टाकून घ्या.

आणि एक साधी गोष्ट, पहिल्या प्रश्नाची. कीबोर्ड अडखळत असेल तर दर वेळी सेल संपलेले नसतात. डोंगल टीव्हीच्या मागे, धातूच्या पत्र्याआड असतो. हातभर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन वायर लावून तो पुढे काढा, बहुतेकदा काम होतं. बोसांच्या लहरींनी भिंती ओलांडल्या, पण धातूच्या पत्र्यापुढे आजही बिनतारी लहरींचं फारसं चालत नाही.

बोसांनी यंत्राला ऐकायला शिकवलं. त्यानंतरच्यांनी त्याला भाषा शिकवली. कोणाचं ऐकायचं, हे त्याला शिकवणं आता तुमच्या-माझ्या हातात आहे. त्याला मोठी विद्या लागत नाही. खोक्यावरची एक ओळ वाचावी लागते.

पुढच्या भागात याच कोलकात्याहून निघालेल्या तारेची, म्हणजे डायमंड हार्बरच्या टेलिग्राफ लाइनची गोष्ट सांगेन. तोवर तुमच्या घरी डोंगल कुठे खोचलाय तेवढं बघून ठेवा. जय हिंद.