कर्ज देणाऱ्याचे शिक्षण

जुन्या सावकाराला धंदा कुणी शिकवावा लागत नसे. कुणाची विहीर आटली, कुणाच्या घरी लग्न निघाले, हे त्याला घरबसल्या ठाऊक. व्याज मात्र असे की १२ मे १८७५ रोजी सुप्याला शेतकरी उठले आणि त्यांनी सावकारांच्या वह्या नि कर्जरोखे जाळले.

१९०४ च्या कायद्याने सहकारी पतपेढ्या निघाल्या. सावकाराच्या जागी पंच आले, चिटणीस आला. हा चिटणीस पुष्कळदा गावचा शाळामास्तरच! अक्षर चांगले, हिशेब येई. पण पेढीचा व्यवहार तो शिकणार कुठे? १९१८ मध्ये मुंबईला निघालेल्या सहकारी इन्स्टिट्यूटने मग चिटणिसांचे वर्ग चालवले. रोजकीर्द, खतावणी, थकबाकीची यादी, असा तो अभ्यास.

एवढ्याने भागले नाही. १९५१-५२ च्या पाहणीवरून गोरवाला समितीने १९५४ मध्ये अहवाल दिला. शेतकऱ्याच्या शंभर रुपये कर्जात सहकारी संस्थांचे अवघे ३ रुपये, सावकारांचे जवळजवळ ७०. पन्नास वर्षांची मेहनत, आणि तीन रुपये! समितीत आपले धनंजयराव गाडगीळ होते. पैसा अपुरा होताच, पण पद्धतही चुकत होती. संस्था जमीन पाहून कर्ज देई; कुळाने कसणारा बाहेरच राही. समिती म्हणाली, येणारे पीक पाहून द्या, माल विकला की वसूल करा.

आता चिटणिसाला पिकाचे ज्ञान हवे झाले. कपाशीला एकरी खर्च किती? खत कधी? रोख किती द्यायचे, खताच्या रूपाने किती? त्यात १९६४ नंतर संकरित ज्वारी आली. घरचे बी पेरणाऱ्याला विकतचे बी, पोत्याने खत, फवारणी लागू लागली. जुन्या आकड्याने दिलेले कर्ज अर्ध्यावरच संपे. मृगाला हवा असलेला पैसा आषाढात हाती आला, तर त्याचे खत होत नाही, किराणा होतो. आणि थकबाकीदार म्हणून नाव लागते ते शेतकऱ्याचे.

१९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने पुण्यात या कामाच्या अधिकाऱ्यांसाठी महाविद्यालय काढले. शहरातला माणूस खेड्यात कर्ज द्यायला निघाला, त्याला खरीप-रब्बी समजायलाच हवे होते. पण हे शिक्षण वरच्या नि मधल्या अधिकाऱ्यांचे. सोसायटीत अर्ज भरून घेणाऱ्या सचिवाच्या वाट्याला, माझ्या मते, ते सर्वांत कमी आले. आणि शेतकऱ्याची पहिली गाठ पडते ती त्याच्याशी.