कारखान्यातून घरापर्यंत : वेल्डिंग यंत्राचा प्रवास आणि अल्प खर्चातील पहिल्या यंत्राची निवड – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

फाटकाची निखळलेली बिजागरी, पाण्याच्या टाकीखालचा गंजलेला स्टँड, गोठ्याची तुटलेली जाळी, पुस्तकांसाठी लोखंडी मांडणी ही घरगुती कामे वरकरणी किरकोळ वाटतात. मात्र त्यांपैकी प्रत्येक कामासाठी वेल्डिंगची, म्हणजेच वितळजोडकामाची, आवश्यकता असते. ही कामे स्वतः करू इच्छिणारी व्यक्ती बाजारात गेली की तिचा पहिला प्रश्न 'सर्वांत स्वस्त यंत्र कोणते ?' हाच असतो. प्रश्न स्वाभाविक असला तरी तो अपुरा आहे. वेल्डिंग यंत्राच्या सुमारे एकशे चाळीस वर्षांच्या इतिहासाकडे पाहिले असता असे दिसते की, सामान्य माणसाच्या हाती कोणते यंत्र येणार हे केवळ यंत्राच्या किमतीने ठरलेले नाही. ते प्रामुख्याने त्याच्या दारापर्यंत आलेल्या विजेच्या तारेने ठरविले आहे. प्रस्तुत निबंधात या विधानाची चिकित्सा केली आहे.

उद्दिष्टे :

१) विद्युत प्रज्योत (आर्क) वेल्डिंगच्या यंत्रातील प्रमुख स्थित्यंतरांचा आढावा घेणे.
२) अमेरिकेतील शेतघरे व भारतातील घरे यांच्या वीजपुरवठ्यातील फरकाचा यंत्राच्या प्रसारावर झालेला परिणाम तपासणे.
३) या इतिहासाच्या आधारे, मर्यादित खर्चात घरगुती वापरासाठी पहिले यंत्र निवडण्याचे निकष मांडणे.

विद्युत घट आणि जनित्र यांचा कालखंड :

दोन विद्युतवाहकांमध्ये निर्माण होणाऱ्या प्रज्योतीचे ज्ञान एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभापासून होते. मात्र तिच्या उष्णतेने धातू जोडण्याचे तंत्र निकोलाय बेनार्दोस याने १८८१ च्या सुमारास विकसित केले. त्याने कार्बनची कांडी वापरली व विजेसाठी संचायक घटांचा आधार घेतला. १८८८ मध्ये रशियातील निकोलाय स्लाव्यानोव्ह याने कार्बनऐवजी स्वतःच वितळून सांध्यात भर घालणारी धातूची कांडी वापरली. १८९० मध्ये अमेरिकेत सी. एल. कॉफिन याला अशाच पद्धतीचे पेटंट मिळाले. उघड्या कांडीने केलेला सांधा हवेतील ऑक्सिजन व नायट्रोजन यांमुळे ठिसूळ होत असे. स्वीडनमधील ऑस्कर शेलबर्ग याने १९०४ मध्ये एसाब कंपनीची स्थापना केली आणि त्याच दशकात आवरणयुक्त कांडी प्रचारात आणली. आवरण जळून निर्माण होणारा वायू व मळीचा थर वितळलेल्या धातूचे हवेपासून रक्षण करतो. आज हार्डवेअरच्या दुकानात पुड्यातून मिळणारा 'वेल्डिंग रॉड' हा त्याच कांडीचा वंशज होय.

कांडी सुधारली तरी विजेचा प्रश्न तसाच राहिला. प्रज्योत टिकण्यासाठी दाब कमी, सुमारे २० ते ३० व्होल्ट, पण प्रवाह शंभर अँपिअरच्या आसपास लागतो. असा एकदिश प्रवाह मिळविण्यासाठी मोटारीने फिरविले जाणारे जनित्र वापरावे लागे. हे यंत्र अवजड व महाग असल्यामुळे रेल्वेची कर्मशाळा, जहाजांची गोदी आणि मोठे कारखाने येथेच ते परवडत असे. १९१७ मध्ये अमेरिकेने ताब्यात घेतलेल्या जर्मन जहाजांची मोडतोड केलेली इंजिने प्रज्योत वेल्डिंगने दुरुस्त करण्यात आली आणि या तंत्राची प्रतिष्ठा वाढली. तथापि या संपूर्ण कालखंडात 'घरातील वेल्डिंग यंत्र' ही कल्पनाच अस्तित्वात येऊ शकत नव्हती.

रोहित्र आणि अमेरिकेतील शेतघर :

१९१९ मध्ये सी. जे. होल्सलॅग याने प्रत्यावर्ती प्रवाहावर वेल्डिंग करण्याची पद्धत मांडली. त्यामुळे फिरणाऱ्या जनित्राची गरज उरली नाही. तारेतील उच्च दाब उतरवून प्रवाह वाढविणारे साधे रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) पुरेसे ठरले. रोहित्रात लोखंडी पत्र्यांचा गाभा व त्यावरील तारेची वेटोळी एवढेच मुख्य भाग असतात. झिजणारे भाग जवळजवळ नसल्यामुळे ते स्वस्त व टिकाऊ होते. तरीही ही पद्धत लगेच लोकप्रिय झाली नाही. प्रत्यावर्ती प्रवाह दर सेकंदाला शंभर किंवा अधिक वेळा शून्यावर येतो व प्रत्येक वेळी प्रज्योत विझू पाहते. आवरणात पोटॅशिअमसारख्या, प्रज्योत पुन्हा पेटण्यास साहाय्य करणाऱ्या द्रव्यांचा समावेश झाल्यावर ही अडचण दूर झाली.

या संधीचा सामाजिक अर्थ ओळखणाऱ्यांत नील्स मिलर याचे नाव महत्त्वाचे आहे. १९२९ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात अ‍ॅपलटन येथे त्याने ग्रामीण भागातील तुटपुंज्या विजेवर चालेल असे लहान प्रत्यावर्ती यंत्र बनविले. येथे यंत्राच्या रचनेचा प्रारंभ कारखान्याच्या गरजेपासून न होता शेतकऱ्याच्या तारेपासून झाला, ही बाब लक्षणीय आहे. १९३५ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण प्रशासन स्थापन झाले व १९३६ मध्ये त्यासंबंधीचा कायदा झाला. त्या वेळी अमेरिकेतील दहापैकी जेमतेम एका शेतघरात वीज होती. पुढील दोन दशकांत बहुतेक शेतघरे विजेने जोडली गेली आणि नांगराचा तुटलेला भाग घेऊन शहराकडे धाव घेण्याची गरज कमी झाली.

या परंपरेतील लिंकन इलेक्ट्रिक कंपनीचे एसी-२२५ हे यंत्र प्रसिद्ध आहे. त्याच्या आकारामुळे लोक त्यास गमतीने 'थडग्याचा दगड' म्हणत. ते २२५ अँपिअर प्रवाह देते, परंतु २० टक्के कार्यचक्रावर. याचा अर्थ दहा मिनिटांपैकी दोन मिनिटे काम व आठ मिनिटे विश्रांती. कारखान्याला हे चालणार नाही. शेतकऱ्याला मात्र चालते, कारण त्याचा बराचसा वेळ तुकडे कापण्यात, घासण्यात व जुळविण्यात जातो. कार्यचक्राशी केलेली ही तडजोड म्हणजेच यंत्र स्वस्त होण्याचे रहस्य होय. मात्र पूर्ण क्षमतेवर हे यंत्र २३० व्होल्टला सुमारे ५० अँपिअर प्रवाह घेते. अमेरिकेतील शेतघराच्या कोठारात तशी स्वतंत्र जोडणी घेता येत असे, म्हणूनच ते तेथे रुजले.

भारतातील स्थिती :

भारतात स्वातंत्र्योत्तर औद्योगिकीकरणाबरोबर वेल्डिंगचा पाया घातला गेला. १९५१ मध्ये मुंबईत अडवाणी-ओर्लिकॉन कंपनीची स्थापना झाली, १९६६ मध्ये भारतीय वेल्डिंग संस्था अस्तित्वात आली आणि १९७५ मध्ये तिरुचिरापल्ली येथे वेल्डिंग संशोधन संस्था सुरू झाली. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून वेल्डर हा व्यवसाय शिकविला जाऊ लागला. तथापि या सर्व प्रयत्नांचा रोख कारखान्याकडे व कुशल कामगाराकडे होता. घरी काम करणारा हौशी माणूस त्यांच्या कक्षेत नव्हता.

याचे कारण पुन्हा तारेतच सापडते. महाराष्ट्रातील नाक्यानाक्यावरच्या फॅब्रिकेशनच्या दुकानांत दीर्घकाळ वापरले गेलेले तेलात बुडविलेले रोहित्र सामान्यतः त्रिफेज जोडणीतील दोन फेजांवर, म्हणजे ४१५ व्होल्टवर, चालविले जाते. घराला मिळते ती एका फेजची, २३० व्होल्टची जोडणी. त्यातही सर्वांत मोठा सॉकेट १६ अँपिअरचा असतो. जे यंत्र अमेरिकेत शेतकऱ्याच्या कोठारापर्यंत पोचले, तेच तत्त्व वापरणारे यंत्र भारतात नाक्यावरच्या दुकानात थांबले. घरातील माणूस त्यामुळे दुकानदाराचा ग्राहक राहिला. यंत्राचा मालक झाला नाही.

इन्व्हर्टरने घडविलेले स्थित्यंतर :

रोहित्राचा आकार विजेच्या वारंवारतेवर अवलंबून असतो. वारंवारता जितकी जास्त, तितका गाभा लहान पुरतो. येणाऱ्या ५० हर्ट्झ विजेचे प्रथम एकदिशीकरण करावयाचे, नंतर अर्धवाहक स्विचांच्या साहाय्याने तिची वारंवारता हजारो हर्ट्झपर्यंत न्यावयाची व मग लहानशा रोहित्रातून दाब उतरवावयाचा, हे इन्व्हर्टर यंत्राचे तत्त्व आहे. फिनलंडमधील केंपी कंपनीने १९७७ मध्ये अशा प्रकारचे यंत्र बाजारात आणले. पुढे आयजीबीटी या अर्धवाहक घटकामुळे ही यंत्रे आटोपशीर व स्वस्त झाली. या घटकाच्या विकासात मद्रास येथे जन्मलेले शास्त्रज्ञ बी. जयंत बालिगा यांनी अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत १९८० च्या सुमारास केलेले कार्य मूलभूत मानले जाते. एसी-२२५ चे वजन सुमारे ५० किलोग्रॅम, तर घरगुती इन्व्हर्टर यंत्र एका हाताने सहज उचलता येते.

वजनापेक्षाही महत्त्वाचा फरक तारेवरील भाराचा आहे. १०० अँपिअरच्या प्रज्योतीला सुमारे २४ व्होल्ट दाब लागतो, म्हणजे प्रत्यक्ष काम २.४ किलोवॉटचे होते. ८० व्होल्ट विनाभार दाबाचे व शक्तिगुणक सुधारण्याची सोय नसलेले रोहित्र यासाठी तारेवर ८ किलोव्होल्ट-अँपिअर भार टाकते. ४१५ व्होल्टला हा प्रवाह सुमारे १९ अँपिअर, तर २३० व्होल्टला सुमारे ३५ अँपिअर होतो. ८५ टक्के कार्यक्षमता व ०.७ शक्तिगुणक धरल्यास इन्व्हर्टर यंत्र त्याच कामासाठी २३० व्होल्टला सुमारे साडेसतरा अँपिअर घेते. २.५ मिलिमीटर जाडीच्या रॉडसाठी ८० अँपिअर पुरतात. तेव्हा हा आकडा सुमारे साडेतेरा अँपिअरवर येतो व १६ अँपिअरच्या सॉकेटच्या मर्यादेत बसतो. भारतीय घराच्या तारेवर चालू शकणारे वेल्डिंग यंत्र अशा रीतीने प्रथमच आवाक्यात आले.

निवडीचे निकष :

वरील विवेचनावरून निवडीचा क्रम उलटा करणे आवश्यक ठरते. प्रथम मंजूर वीजभार, वायरिंगची जाडी, एमसीबीची क्षमता व अर्थिंग यांची तपासणी करावी. त्यानंतर कामाची जाडी पाहावी. घरगुती कामातील अँगल, पट्टी व चौकोनी पाइप साधारणतः २ ते ५ मिलिमीटर जाडीचे असतात व त्यांस २.५ मिलिमीटरचा रॉड पुरेसा होतो. यंत्राच्या नावातील मोठ्या आकड्यावर विसंबू नये. नामफलकावर १०० अँपिअरला कार्यचक्र किती, तारेतून घेतला जाणारा प्रवाह किती व किती कमी दाबापर्यंत यंत्र चालते, हे वाचावे.

तार आपोआप पुढे सरकविणाऱ्या यंत्रांचा मोहही तपासून पाहावा. निष्क्रिय वायूच्या आवरणाखालील ही पद्धत १९४८ मध्ये अमेरिकेतील बॅटेल संस्थेत विकसित झाली व १९५० च्या दशकात कार्बन डायऑक्साइडच्या वापराने ती स्वस्त झाली. पातळ पत्र्यासाठी ती उत्तम आहे. तथापि वायूचा सिलिंडर हा आवर्ती खर्च असतो. रॉडला असा खर्च नाही, आणि गंज पूर्ण न निघालेल्या लोखंडावरही तो बऱ्यापैकी काम देतो. खर्च मर्यादित असल्यास पहिले यंत्र रॉडचेच असावे.

अंदाजपत्रकात काचेसह शिरस्त्राण, चामडी हातमोजे, चिपिंग हातोडी व ग्राइंडर यांची तरतूद यंत्राबरोबरच करावी. प्रज्योतीतील अतिनील किरणांनी डोळ्यांना होणारी इजा काही तासांनी जाणवते; म्हणून 'एकच टाका मारायचा आहे' ही सबब घातक ठरते. जस्त चढविलेल्या पाइपचा धूर ताप आणतो. अशा कामात सांध्याजवळील जस्त काढून टाकावे व काम मोकळ्या हवेत करावे.

एक अनुत्तरित प्रश्न :

येथपर्यंतचा इतिहास प्रगतीचा वाटतो. पण त्याची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. रोहित्र जळाले तर तालुक्याच्या गावातील मोटार वायंडिंग करणारा कारागीर ते पुन्हा गुंडाळून देतो. दशकानुदशके वापरलेली रोहित्रे हातोहात विकली जातात. स्वस्त इन्व्हर्टरची इलेक्ट्रॉनिक पाटी जळाली तर पुष्कळदा संपूर्ण यंत्रच टाकून द्यावे लागते. दुरुस्तीचे स्वातंत्र्य देणारे साधन स्वतःच दुरुस्तीपलीकडे जावे, हा या स्थित्यंतरातील अंतर्विरोध होय. म्हणून यंत्र घेताना किमतीतील अल्प फरकापेक्षा जवळच्या गावात सुटे भाग व दुरुस्तीची सोय आहे काय, याला अधिक महत्त्व द्यावे.

निष्कर्ष :

१) जनित्र, रोहित्र व इन्व्हर्टर या तीन टप्प्यांत वेल्डिंग यंत्र कारखान्यातून घराकडे सरकले. प्रत्येक टप्प्यात त्याची मर्यादा उपलब्ध वीजजोडणीने आखून दिली.
२) रोहित्र अमेरिकेतील शेतघरात रुजले, पण भारतातील घरात रुजू शकले नाही. या फरकामागे वीजजोडणीची क्षमता हे प्रमुख कारण दिसते.
३) एका फेजची जोडणी असलेल्या भारतीय घरासाठी, अल्प खर्चात, २.५ मिलिमीटरचा रॉड समाधानकारक चालविणारे व दुरुस्तीची सोय असलेले इन्व्हर्टर यंत्र ही योग्य पहिली निवड ठरते. त्रिफेज जोडणी असलेल्या शेतकऱ्यासाठी किंवा लघुउद्योजकासाठी, वीजभारास मंजुरी असल्यास, चांगल्या स्थितीतील जुने रोहित्र आजही विचारात घेण्याजोगे आहे.
४) मिलरने १९२९ मध्ये शेतकऱ्याच्या तारेपासून विचारास प्रारंभ केला. आजच्या ग्राहकानेही दुकानात शिरण्यापूर्वी आपल्या घरातील मीटरपासूनच प्रारंभ करणे हिताचे आहे.