नादाची जात

परवा नातवाने मोबाईलवर तंबोरा लावला. "आजोबा, ओळखा, खरा की मशीनचा?" मला ओळखता आलं नाही. हसून वेळ मारून नेली, पण मनाला लागलं...

वर्गात आम्ही शिकवायचो, नादाचे गुण तीन: उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जात. पेटी आणि बासरी एकाच सुरात वाजली तरी वेगळी कळतात, ती जातीमुळे. ही जात कशाने ठरते? जर्मनीच्या हेल्महोल्ट्झने १८६३ च्या आपल्या ग्रंथात सांगितलं की मूळ स्वराबरोबर दुप्पट, तिप्पट कंपनांचे उपस्वरही उमटतात. त्यांच्या कमीजास्त प्रमाणावर जात ठरते.

आपल्या मिरजेच्या शिकलगारांनी हा ग्रंथ वाचला नव्हता. हत्यारांना धार लावणारी ही मंडळी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळली. बाकदार घोडी घासून, तारेखाली सुताचा दोरा सरकवून ते जवारी काढत. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली तंबोऱ्याविषयी लिहिलं की तार ज्या जागी छेडल्यावर एखादा उपस्वर उमटायलाच नको, तिथेही तो स्पष्ट ऐकू येतो. ही करामत घोडीची! २०२४ साली मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

पण ऐकण्याचं अर्धं काम मेंदूचं. कानातला शंखासारखा भाग उपस्वर सुटे करतो, मेंदू ते पुन्हा जुळवतो. जुन्या टेलिफोनवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झचाच आवाज येई. पुरुषाचा मूळ स्वर शंभर-सव्वाशेचा, म्हणजे तो तारेवरून येतच नसे! उरलेल्या उपस्वरांवरून मेंदू तो भरून काढी. म्हणूनच नायगावच्या एसटीडी बूथमध्ये नुसत्या "हॅलो"वरून मी दादांना ओळखत असे. माणसाच्या आवाजाला खास प्रतिसाद देणारे भाग मेंदूत असल्याचं २००० साली संशोधकांनी दाखवलं.

म्हातारपणी आधी वरचे स्वर ऐकू येईनासे होतात. जवारीची चमक नेमकी तिथेच असते. म्हणून परवा मी हरलो.

दादा जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचा आवाज माझ्याकडे कशातच टेप केलेला नाही, फक्त डोक्यात आहे. नातेवाइकांपैकी कुणाकडे जुन्या लग्नाची, मुंजीची कॅसेट असेल तर जरूर कळवा. कान साथ देताहेत तोवर एकदा ऐकून घ्यायचा आहे.