प्राझोसिन

प्राझोसिन हे रक्तवाहिन्यांच्या भिंतींतील अल्फा-१ ग्राही रोधून रक्तवाहिन्या रुंदावणारे, तोंडाने घ्यावयाचे औषध आहे. उच्च रक्तदाबावरील औषध म्हणून ते १९७० च्या दशकात वापरात आले. प्रोस्टेट ग्रंथीच्या वाढीमुळे होणारा मूत्रावरोध आणि मानसिक आघातानंतर पडणारी दुःस्वप्ने यांसाठीही त्याचा उपयोग केला जातो. भारतात, विशेषतः महाराष्ट्राच्या कोकण विभागात, लाल विंचवाच्या दंशावरील उपचार म्हणून या औषधाला वेगळे महत्त्व प्राप्त झाले आहे. गंभीर विंचूदंशाच्या रुग्णांत पूर्वी २५ ते ३० टक्क्यांपर्यंत नोंदले गेलेले मृत्यूचे प्रमाण या औषधाचा वापर सुरू झाल्यानंतर १ टक्क्याच्या खाली आल्याचे पश्चिम भारतातील वैद्यकीय नोंदींत नमूद आहे.

शोध व वर्गीकरण

प्राझोसिन हे रासायनिक दृष्ट्या क्विनाझोलिन या संयुगाचे साधित आहे. ते फायझर या औषधनिर्मिती कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाले. अमेरिकेत त्याला १९७६ मध्ये मान्यता मिळाली व ‘मिनिप्रेस’ या व्यापारी नावाने ते प्रसिद्धीस आले.

प्रारंभी हे औषध रक्तवाहिन्यांच्या स्नायूंवर थेट परिणाम करून त्यांना शिथिल करते, असा समज होता. त्याच दशकात अल्फा ग्राहींचे अल्फा-१ व अल्फा-२ असे दोन प्रकार असल्याचे स्पष्ट होत गेले आणि प्राझोसिन यांपैकी केवळ अल्फा-१ ग्राहींना निवडकपणे रोधते, असे दिसून आले. पुढे याच वर्गात टेराझोसिन, डॉक्साझोसिन, टॅमसुलोसिन इत्यादी औषधांची भर पडली.

कार्यपद्धती

शरीरातील ज्या क्रिया माणसाच्या इच्छेवर अवलंबून नसतात, त्यांचे नियंत्रण स्वायत्त चेतासंस्था करते. तिच्या अनुकंपी व परानुकंपी अशा दोन शाखा आहेत. भीती, इजा, रक्तस्राव अशा संकटप्रसंगी अनुकंपी शाखा कार्यप्रवण होते. तिच्या चेतातंतूंच्या टोकांतून नॉरॲड्रेनॅलिन हे द्रव्य स्रवते, तर अधिवृक्क ग्रंथींतून मुख्यतः ॲड्रेनॅलिन रक्तात मिसळते. या द्रव्यांना एकत्रितपणे कॅटेकोलामाइने म्हणतात.

कॅटेकोलामाइनांचा परिणाम पेशींवरील ग्राहींमार्फत घडतो. ग्राही म्हणजे विशिष्ट द्रव्य येऊन चिकटल्यावर पेशीच्या आत संदेश पोहोचविणारे प्रथिन. रक्तवाहिन्यांच्या अरेखित स्नायूंवर अल्फा-१ ग्राही असतात. नॉरॲड्रेनॅलिन त्यांना चिकटले की पेशीतील कॅल्शियमचे प्रमाण वाढते, स्नायू आकुंचन पावतो, रक्तवाहिनी अरुंद होते आणि रक्तदाब वाढतो. हृदयावर प्रामुख्याने बीटा-१ ग्राही असून त्यांच्या उद्दीपनाने हृदयाचे ठोके जलद व जोरकस होतात.

प्राझोसिन अल्फा-१ ग्राहींची जागा अडवून बसते. त्यामुळे नॉरॲड्रेनॅलिन रक्तात उपस्थित असूनही त्याला रक्तवाहिनी आवळता येत नाही. रोहिण्या शिथिल झाल्याने हृदयाला रक्त बाहेर ढकलताना होणारा विरोध कमी होतो व नीला शिथिल झाल्याने हृदयाकडे परतणाऱ्या रक्ताचे प्रमाण घटते. अशा प्रकारे हृदयावरचा भार दोन्ही बाजूंनी हलका होतो.

अल्फा-२ ग्राहींना न रोधणे हा या औषधाचा महत्त्वाचा गुण आहे. चेतातंतूंच्या टोकांवरील अल्फा-२ ग्राही पुरेसे नॉरॲड्रेनॅलिन स्रवले की पुढील स्राव थांबविण्याचा संदेश देतात. फेंटोलामाइनसारखी जुनी औषधे दोन्ही प्रकारचे ग्राही रोधत असल्यामुळे हा आवर नाहीसा होतो, स्राव वाढतो आणि हृदयाची धडधड तीव्र होते. प्राझोसिनमुळे हा आवर कायम राहतो. म्हणून रक्तदाब उतरूनही हृदयाची गती तुलनेने कमी वाढते.

शरीरातील प्रवास

गोळी घेतल्यानंतर औषध आतड्यातून शोषले जाते आणि सुमारे तीन तासांत त्याचे रक्तातील प्रमाण सर्वाधिक होते. यकृतातून पहिल्यांदा जातानाच त्याचा काही भाग नष्ट होत असल्याने घेतलेली संपूर्ण मात्रा रक्ताभिसरणात पोहोचत नाही. रक्तातील औषधापैकी सुमारे ९७ टक्के भाग प्रथिनांना बांधलेला असतो. रक्तातील प्रमाण निम्मे होण्यास दोन ते तीन तास लागतात. म्हणून साधी गोळी दिवसातून दोन-तीन वेळा द्यावी लागते. औषधाचे रूपांतर यकृतात होते व उत्सर्जन मुख्यतः पित्तावाटे, मलातून होते. हृदयाची कार्यक्षमता घटलेल्या रुग्णांत औषध शरीरात अधिक काळ टिकते.

वैद्यकीय उपयोग

उच्च रक्तदाब : प्रौढ रुग्णांत सामान्यतः १ मिलिग्रॅम इतक्या अल्प मात्रेने आरंभ करून ती हळूहळू वाढवितात. सध्या या विकारावर प्रथम पसंतीचे औषध म्हणून प्राझोसिन वापरले जात नाही. याच वर्गातील डॉक्साझोसिन घेणाऱ्या रुग्णांत हृदय निकामी होण्याचे प्रमाण मूत्रल औषध घेणाऱ्यांपेक्षा अधिक आढळल्याने एका मोठ्या अमेरिकन चाचणीतील तो विभाग २००० मध्ये थांबविण्यात आला. त्यानंतर हा औषधवर्ग बहुधा पूरक औषध म्हणून वापरला जाऊ लागला.

मूत्रावरोध : प्रोस्टेट ग्रंथी व मूत्राशयाचे मुख येथील स्नायूंवरही अल्फा-१ ग्राही असतात. ते रोधल्यास मूत्रमार्ग सैल होऊन लघवी सुकर होते. मात्र रक्तदाबावर कमी परिणाम करणारे टॅमसुलोसिन उपलब्ध झाल्यापासून या विकारात प्राझोसिनचा वापर घटला आहे.

दुःस्वप्ने : प्राझोसिन मेंदूत प्रवेश करू शकते. युद्ध, अपघात, अत्याचार अशा आघातांनंतर वारंवार दुःस्वप्ने पडणाऱ्या रुग्णांत प्रारंभीच्या लहान अभ्यासांत त्याचा लाभ दिसला. परंतु अमेरिकी माजी सैनिकांवरील २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत निष्क्रिय गोळीपेक्षा अधिक लाभ आढळला नाही. त्यामुळे या उपयोगाविषयी तज्ज्ञांत एकमत नाही.

लाल विंचवाचा दंश

विषाचा परिणाम : भारतीय लाल विंचू कोकणासह पश्चिम महाराष्ट्रात व भारताच्या इतर अनेक भागांत आढळतो. आकाराने मोठ्या असलेल्या काळ्या विंचवाच्या दंशाने बहुधा केवळ स्थानिक वेदना होतात. लाल विंचवाचा दंश मात्र, विशेषतः लहान मुलांत, प्राणघातक ठरू शकतो.

या विषातील प्रथिने चेतातंतूंवरील सोडियमचे मार्ग दीर्घकाळ उघडे ठेवतात. त्यामुळे चेतातंतू पुनःपुन्हा उद्दीपित होऊन स्वायत्त चेतासंस्थेच्या दोन्ही शाखांतून चेताद्रव्यांचा अनिर्बंध स्राव होतो. या अवस्थेस ‘स्वायत्त वादळ’ असे म्हटले जाते. परानुकंपी शाखेच्या उद्दीपनाने उलट्या, लाळ गळणे, दरदरून घाम येणे आणि पुरुषांत व मुलग्यांत शिश्नाची ताठरता ही लक्षणे लवकर दिसतात. त्यापाठोपाठ कॅटेकोलामाइनांचा पूर येतो. हातपाय थंड पडतात, रक्तदाब वाढतो, नाडी जलद होते. आवळलेल्या रक्तवाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलून हृदयाचा डावा कप्पा थकतो आणि फुप्फुसांत पाणी साचते. रुग्णास धाप लागते, फेसाळ, रक्तमिश्रित कफ पडतो व वेळीच उपचार न झाल्यास मृत्यू ओढवतो.

उपचाराचा इतिहास : रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्यात बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७० च्या दशकात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांची पद्धतशीर निरीक्षणे नोंदविण्यास प्रारंभ केला. त्या काळी अशा रुग्णांना वेदनाशामके, स्टेरॉइड, ॲट्रोपिन इत्यादी औषधे दिली जात. परंतु त्यांनी मृत्यू टळत नसत. ॲट्रोपिनने घाम व लाळ कमी झाली, तरी हृदयाची गती आणखी वाढत असे. बीटा रोधक औषधे दिल्यास अल्फा ग्राहींचे उद्दीपन तसेच राहून आधीच थकलेल्या हृदयाचा जोर कमी होण्याचा धोका होता.

उलट्या, घाम, ताठरता व थंड हातपाय ही लक्षणे हृदयावरील पुढील संकटाची पूर्वसूचना देतात, हे बावस्कर यांचे निरीक्षण ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. फुप्फुसांत पाणी साचलेल्या रुग्णांत सोडियम नायट्रोप्रुसाइड हे रक्तवाहिन्या रुंदावणारे औषध उपयोगी पडत होते. परंतु ते शिरेतून थेंबाथेंबाने, सतत रक्तदाब मोजत द्यावे लागते. मोजक्या साधनांच्या ग्रामीण आरोग्य केंद्रात हे कठीण होते. प्राझोसिनची गोळी मात्र स्वस्त होती, तोंडाने देता येत होती आणि तिचा परिणाम नेमक्या त्याच ग्राहींवर होत होता, ज्यांच्या अतिउद्दीपनाने रुग्ण दगावत होते. विंचूदंशातील तिच्या वापराविषयीचा त्यांचा अहवाल १९८६ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्येच प्रसिद्ध झाला. या संशोधनात त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचाही सहभाग राहिला. डॉ. हिंमतराव बावस्कर यांना २०२२ मध्ये पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला.

मात्रा व देखरेख : विंचूदंशात प्राझोसिन सामान्यतः शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे ३० मायक्रोग्रॅम या मात्रेने देतात आणि हातपाय उबदार व कोरडे होईपर्यंत ठरावीक तासांच्या अंतराने ती मात्रा पुन्हा देतात. थंड पडलेले हातपाय उबदार होणे ही आवळलेल्या रक्तवाहिन्या मोकळ्या होत असल्याची साधी, उपकरणाविना ओळखता येणारी खूण आहे. औषध दिल्यानंतर रुग्णास आडवेच ठेवतात. लहान मुलास कडेवर उभे धरल्यास रक्तदाब एकदम उतरू शकतो. उलट्या व घामामुळे शरीरातील पाणी कमी झालेले असल्याने त्याची भरपाईही करावी लागते. सावकाश विरघळणाऱ्या, दीर्घकाळ परिणाम करणाऱ्या गोळ्या या उपचारासाठी योग्य नसतात.

केवळ दंशाच्या जागी वेदना असून स्वायत्त वादळाची लक्षणे नसतील, तर प्राझोसिन दिले जात नाही. हे औषध वेदनाशामक नाही. पुढे लक्षणे उद्भवतील या भीतीने ते आधीच देणेही योग्य मानले जात नाही. अशा रुग्णास वेदनेवर उपचार करून काही तास निरीक्षणाखाली ठेवतात. फुप्फुसांत पाणी साचलेल्या रुग्णास प्राझोसिनव्यतिरिक्त प्राणवायू आणि अतिदक्षता उपचारांची गरज असते.

प्रतिविष व प्राझोसिन : लाल विंचवाच्या विषावरील प्रतिविष मुंबईच्या हाफकिन संस्थेच्या परंपरेतील हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाने तयार केले आहे. दोन्ही उपचारांची कार्यस्थाने भिन्न आहेत. प्रतिविष रक्तात फिरणाऱ्या विषाला बांधून निष्प्रभ करते. पण आधीच स्रवलेल्या कॅटेकोलामाइनांवर त्याचा परिणाम होत नाही. प्राझोसिन विषाला स्पर्शही करत नाही. ते विषाने घडविलेला परिणाम ग्राहींच्या पातळीवर अडविते. महाड येथे ७० रुग्णांवर केलेली तुलनात्मक चाचणी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०११ साली प्रसिद्ध झाली. तीत प्रतिविष व प्राझोसिन दोन्ही मिळालेल्यांपैकी ९१.४ टक्के रुग्ण दहा तासांत लक्षणमुक्त झाले. केवळ प्राझोसिन मिळालेल्यांत हे प्रमाण २२.९ टक्के होते. बरे होण्यास लागलेला सरासरी काळ अनुक्रमे ८ तास व १७.७ तास होता. त्यामुळे प्रतिविष उपलब्ध असल्यास दोन्ही एकत्र देणे हितकर मानले जाते. प्रतिविष हाताशी नसेल तेथे प्राझोसिन विनाविलंब सुरू करणे महत्त्वाचे ठरते.

दुष्परिणाम

चक्कर, डोकेदुखी, सुस्ती, अशक्तपणा, धडधड व मळमळ हे सामान्य दुष्परिणाम आहेत. सर्वांत लक्षणीय दुष्परिणामास ‘प्रथम मात्रा परिणाम’ म्हणतात. पहिल्या मात्रेनंतर ३० ते ९० मिनिटांत, विशेषतः एकदम उठून उभे राहिल्यास, रक्तदाब झपाट्याने उतरून रुग्णास मूर्च्छा येऊ शकते. उभे राहताना पायांकडील रक्तवाहिन्यांनी आवळून रक्त वर राखणे अपेक्षित असते. अल्फा-१ ग्राही रोधलेले असल्याने ते घडत नाही. म्हणून रक्तदाबाच्या रुग्णास पहिली मात्रा अल्प प्रमाणात व झोपताना घेण्यास सांगतात. मात्रा वाढविताना किंवा काही दिवसांच्या खंडानंतर औषध पुन्हा सुरू करतानाही हीच दक्षता घेतात.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत या वर्गातील औषधांमुळे डोळ्याची बुबुळपटले सैल पडून अडचण येऊ शकते. त्यामुळे हे औषध घेत असल्यास नेत्रशल्यविशारदास आधी कळविणे आवश्यक असते. शिश्नाची वेदनादायक, दीर्घकाळ टिकणारी ताठरता हा विरळ दुष्परिणाम आहे.

अन्य औषधांशी आंतरक्रिया

रक्तदाब कमी करणारी इतर औषधे, मूत्रल औषधे व मद्य यांच्यासोबत प्राझोसिन घेतल्यास रक्तदाब प्रमाणाबाहेर उतरू शकतो. सिल्डेनाफिल व त्या वर्गातील औषधांबाबतही हाच धोका असतो.

हेही पहा

लाल विंचू
स्वायत्त चेतासंस्था
उच्च रक्तदाब
प्रतिविष
हिंमतराव बावस्कर