बकनीअर बनी
वॉर्नर ब्रदर्सच्या ‘ल्यूनी ट्यून्स’ मालिकेतील सुमारे सात मिनिटांचा विनोदी रंगीत व्यंगपट (१९४८). दिग्दर्शक फ्रिझ फ्रेलेंग, संगीत कार्ल स्टॉलिंग, प्रमुख आवाज मेल ब्लांक. समुद्री चाचा सॅम आपल्या खजिन्याच्या जागेचा साक्षीदार ठरलेल्या बग्ज बनी या सशाला ठार करू पाहतो आणि पाठलाग जहाजावर येऊन पोचतो. समुद्र मात्र इथे जवळपास नावापुरताच. विनोद पिकतो तो जहाजाच्या अडचणीच्या जागेमुळे. पळायला वाट नाही, म्हणून पळणाराच सापळे रचतो. दारूकोठारात पेटती काडी टाकण्याचा प्रसंग याचा उत्तम पुरावा आहे. ससा काडी टाकतो आणि जहाज वाचवण्यासाठी सॅमलाच धावावे लागते. म्हणजे पाठलाग करणारा आता काडीमागे पळतो. पुढे तो हट्टाने जागचा हलत नाही, बेफिकिरीचे सोंग आणतो आणि अखेर धीर सुटून धावतो, तोवर जहाज उडते.

एकच युक्ती पुन्हा वापरणे हे कल्पनादारिद्र्य, असा आक्षेप घेता येईल. फ्रेलेंगने हीच काडी १९५४च्या ‘कॅप्टन हेअरब्लोअर’मध्ये जशीच्या तशी आणली, तेथे हा आक्षेप काहीसा पटतोही. पण ‘बकनीअर बनी’च्या आत प्रत्येक आवृत्तीत काडी तीच राहते, बदलतो तो सॅमचा निर्धार. हसू येते ते त्या बदलाचे. सशाची लपण्याची जागा सॅमला सांगणाऱ्या पोपटाच्या चहाडखोरीचा प्रसंग त्यामानाने सरधोपट आहे. सॅम हे पात्र फ्रेलेंगनेच १९४५च्या ‘हेअर ट्रिगर’मध्ये प्रथम पडद्यावर आणले होते.